हरवलेला सोर्स शोधणारी गाडी : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी

आज काम कागदावर सुरू झालं. गाडीच्या टपावर बसेल असं गामा-चित्रण यंत्र, म्हणजे गामा किरण कुठून येतात ते दाखवणारं यंत्र, बनवायचं. एखादा किरणोत्सारी सोर्स, म्हणजे किरण सोडणाऱ्या पदार्थाचा तुकडा किंवा कुपी, हरवला, तर गाडी फिरवता फिरवता तो नकाशावर दिसला पाहिजे. सर म्हणाले, पहिल्या पानावर हे कोणासाठी करतोय ते लिहून ठेवा. म्हणून लिहिते.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी कोबाल्ट निघालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, अनेक वर्षं पडून असलेलं गामा इरॅडिएटर (नमुन्यांवर गामा किरण सोडायचं यंत्र) लिलावातून भंगारात गेलं होतं. ते फोडलं गेलं, शिसं वेगळं काढलं गेलं आणि आतलं कोबाल्ट हातोहाती फिरलं. एक जण दगावला, काही जण गंभीर आजारी पडले. अणुघटनांची तीव्रता सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर या घटनेची पातळी ४. मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, की प्रकार उघडकीला आला तो दवाखान्यात. माणसाच्या अंगावर भाजल्याच्या खुणा उठल्यावर. लिलावापासून तिथपर्यंत कुठल्याच यंत्रानं त्या कोबाल्टकडे बघितलं नव्हतं.

हे यंत्र भंगार निवडणाऱ्या हातांसाठी आहे.

१९ फेब्रुवारी

यंत्राचा प्रकार ठरवण्यात चार बैठका गेल्या. गामा किरणांना वळवणारं भिंग मिळत नाही, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याची युक्ती इथे चालत नाही.

कोडेड मास्कचा विचार आधी केला. शिशाच्या किंवा टंगस्टनच्या जाड पाटीला ठरावीक नक्षीची भोकं पाडायची, मागे डिटेक्टर ठेवायचा आणि त्यावर पडलेल्या सावलीवरून दिशा काढायची. चित्र सुबक येतं. पण सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचे ६६२ केईव्हीचे (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं माप) किरण अडवायला दोन सेंटीमीटर शिसं तरी हवं. साठ बाय साठ सेंटीमीटरची पाटी निम्मी भोकांची धरली तरी चाळीस किलो भरते, आणि बघते फक्त एका बाजूला. चारही बाजूंना लावायची तर गाडीचा टप बसेल.

कॉम्प्टन कॅमेऱ्यात किरण एका ठिकाणी धडकून वळतो आणि दुसऱ्या ठिकाणी शोषला जातो. दोन्हीकडे किती ऊर्जा पडली ते मोजलं की तो कुठल्या शंकूवरून आला हे कळतं. मास्क लागत नाही. मात्र असे दोनदा नोंदले जाणारे किरण मोजकेच असतात, आणि त्यासाठी लागणारे कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे डिटेक्टर आमच्या पैशांत बसत नाहीत.

शेवटी तिसरी वाट धरली. सीझियम आयोडाइडचे, म्हणजे गामा किरण आदळला की आत चमकणाऱ्या क्रिस्टलचे, पाच सेंटीमीटरचे सोळा ठोकळे वेगवेगळ्या उंचीवर, एकमेकांच्या आड येतील असे मांडायचे. शेकोटीभोवती दाटीनं बसलं की पुढच्याच्या पाठीमागे असलेल्याला ऊब कमी लागते, तसंच हे. सोर्सच्या बाजूच्या ठोकळ्यांत काउंट, म्हणजे नोंदलेले किरण, जास्त, त्यांच्या आडोशाला असलेल्यांत कमी. सोळा आकड्यांच्या या चढउतारातून दिशा निघते. एका जागी उभं राहून मिळते ती ढोबळच. पण गाडी सरकली की दुसऱ्या जागेवरून दुसरी दिशा मिळते, आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे सोर्स. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या लोकांनी गामा डिटेक्टरला लायडार (लेसरनं अंतरं मोजून आजूबाजूचा आकार टिपणारं यंत्र) आणि कॅमेरा जोडून फुकुशिमा परिसराचे त्रिमितीय नकाशे काढले आहेत. आमचं यंत्र त्या मानानं लहान, पण तत्त्व तेच.

७ मार्च

सोळाही ठोकळे जागेवर बसले. इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणाऱ्या मुलानं दोन रात्री जागून सोल्डरिंग केलं. एकही चॅनेल मेलेलं नाही.

ऊर्जेची मोजपट्टी लावायला ओळखीची रेषा, म्हणजे ठरलेल्या एका ऊर्जेवर येणारे किरण, लागतात. निसर्गात सगळीकडे मिळणारी म्हणजे पोटॅशियम-४० ची, १४६१ केईव्हीवर. पण आपण बसाल्टवर राहतो. दख्खनच्या या काळ्या दगडात पोटॅशियम, युरेनियम, थोरियम सगळंच कमी, त्यामुळे रेषा वर यायला फार वेळ लागतो. मग कृषी सेवा केंद्रातून म्युरिएट ऑफ पोटॅशची पाच किलोची पिशवी आणली. पाच किलो खतात दर सेकंदाला सत्तर हजारांवर पोटॅशियम-४० चे अणू फुटतात आणि त्यांतल्या शंभरातले अकरा गामा किरण सोडतात. पिशवी यंत्राखाली ठेवली आणि दहा मिनिटांत सोळाही ठोकळे एका मापावर आले. दुकानदार विचारत होते, कुठलं पीक आहे म्हणून.

पिशवी गाडीतून सोबत न्यायची नाही, हे नियमात लिहिलं. १४६१ चे किरण क्रिस्टलमध्ये अर्धवट ऊर्जा सोडून निसटतात, आणि तो पसारा नेमका आमच्या ६६२ च्या खिडकीत, म्हणजे सीझियमसाठी बघतो त्या ऊर्जेच्या पट्ट्यात, येऊन बसतो.

२६ मार्च

मैदानावरची पहिली चाचणी. सोर्स सीझियम-१३७ चा, ३.७ मेगाबेक्वेरल (सेकंदाला सदतीस लाख अणू फुटतात एवढा), सीलबंद, आरएसओ मॅडमच्या, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांच्या, ताब्यात. त्या स्वतः पेटी घेऊन आल्या, स्वतः ठेवला, सही करून स्वतः परत नेला. दहा मीटरवर ६६२ च्या खिडकीत सेकंदाला सुमारे २० काउंट मिळाले. तिथली पार्श्वभूमी, म्हणजे सोर्स नसतानाही येणारे काउंट, ३०. म्हणजे एका सेकंदात निर्णय देता येणार नाही, तीन-चार सेकंद तरी हवेत. ताशी २० किलोमीटरच्या वर गेलो तर असा बारका सोर्स हातून सुटतो.

चित्र आलं, पण चुकीच्या जागी. पूर्वेकडे जाताना सोर्स खऱ्या जागेच्या पुढे दिसला, पश्चिमेकडे जाताना पुन्हा पुढेच, म्हणजे उलट्या बाजूला. दोन चित्रांत साडेपाच मीटरांचं अंतर. आम्ही जीपीएस बदललं, लायडार पुन्हा घट्ट बसवला, काही फरक नाही. संध्याकाळी सॉफ्टवेअर बघणाऱ्या ताईला सापडलं: एका सेकंदाचे काउंट गोळा करून त्यावर वेळेचा शिक्का आपण सेकंद संपल्यावर मारतोय. खरी वेळ त्या सेकंदाच्या मध्यावर असते. अर्ध्या सेकंदाची चूक, आणि ताशी २० च्या वेगानं अर्ध्या सेकंदात गाडी २.८ मीटर जाते. दोन्हीकडून मिळून साडेपाच. शिक्का दुरुस्त केला आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली.

ड्रायव्हर काकांनी मैदानाच्या त्या एका पट्ट्यावर गाडी एकवीस वेळा ये-जा केली, ताशी २० चा काटा एकदाही हलू न देता. ही चूक त्यांच्यामुळे सापडली. वेग वरखाली झाला असता तर आम्ही अजून नट आवळत बसलो असतो.

१४ एप्रिल

ऊन. टपावरच्या पेटीत ५४ अंश. ठोकळ्यांतली चमक टिपणारे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर तापले की त्यांची वाढ-क्षमता घसरते आणि सगळा स्पेक्ट्रम, म्हणजे ऊर्जेनुसार काउंटचा आलेख, खाली सरकतो. ६६२ चं शिखर ६१५ वर दिसत होतं. पेटीला पांढरा रंग, वर पत्र्याची दुहेरी सावली, आणि तापमान बघून व्होल्टेज आपोआप वाढवणारी तक्ता-सुधारणा. आता पाच-सहा केईव्हीपलीकडे घसरत नाही.

२२ एप्रिल

रस्त्यावर पहिली लांब फेरी, सोर्सशिवाय. फक्त शहर कसं दिसतं ते बघायला. ग्रॅनाइटच्या ओट्यांच्या दुकानापुढे काउंट चढले, दगडी पुलाखाली उतरले. बसाल्टच्या गावात आणलेला ग्रॅनाइट लगेच उठून दिसतो.

एका सिग्नलला अलार्म वाजला. ३६४ केईव्ही, म्हणजे आयोडीन-१३१. थायरॉइडच्या उपचारात हे देतात. कोणीतरी उपचार घेऊन घरी चाललं असणार. सिग्नल सुटला तशी दिशाही आमच्यापासून सरकत गेली आणि चित्रात रस्त्याच्या कडेनं एक फराटा उमटला, कारण आमचं गणित सोर्स स्थिर आहे असं धरून चालतं. स्क्रीनवर कॅमेऱ्याचं दृश्य चालू होतं. मी ते बंद केलं.

संध्याकाळी यावर बराच वेळ बोललो. आयोडीन-१३१ किंवा हाडांच्या स्कॅनला वापरतात ते टेक्नेशियम-९९एम ओळखू आलं आणि सोर्स हलता असेल, तर यंत्रानं ‘वैद्यकीय’ एवढी नोंद करावी आणि त्या वेळचं कॅमेऱ्याचं चित्र साठवूच नये, असं ठरलं. आजारी माणसाचं आजारपण टिपणारं यंत्र मला बनवायचं नाही. सरांनी लगेच होकार दिला.

३० एप्रिल

आज पर्थच्या प्रकरणाचा हिशोब मांडला. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीकडून पर्थला निघालेल्या ट्रकमधल्या एका मापन यंत्रातून सीझियम-१३७ ची कुपी गळून पडली. व्यास ६ मिलिमीटर, लांबी ८. आपल्या शर्टाच्या बटणापेक्षा लहान. सुमारे १,४०० किलोमीटरच्या रस्त्यात कुठेतरी. खोकं १६ तारखेला पोचलं, उघडलं २५ तारखेला, तेव्हा दिसलं की यंत्र खिळखिळं झालंय आणि चारातला एक बोल्ट नाही. १ फेब्रुवारीला, ताशी ७० किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीतल्या डिटेक्टरनं ती पकडली. रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर पडली होती.

ती १९ गिगाबेक्वेरलची होती, आमच्या चाचणीच्या सोर्सच्या पाच हजार पट. मध्ये काही आड नसेल तर आमच्या यंत्रालाही ती शंभर मीटरवरून सेकंदाला चारशेच्या वर काउंट देईल. तिथे अडचण यंत्राच्या ताकदीची नव्हतीच, रस्त्याच्या लांबीची आणि वाया गेलेल्या दिवसांची होती. उघड्या माळरानावर सोर्स शोधायला चित्राचीही गरज नाही, नुसता चढता आकडा पुरतो.

चित्राची खरी गरज असते दाटीच्या ठिकाणी, जिथे जवळ जाऊन हातानं उचलून बघणं म्हणजेच धोका. म्हणजे आपल्याकडे भंगारात.

१५ मे

भोसरीतल्या एका भंगाराच्या वखारीत चाचणी. साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे काम बंद. शेठनी सकाळी सातला कुलूप काढून दिलं. आरएसओ मॅडमनी सोर्स लपवला. जागा फक्त त्यांना आणि सरांना माहीत. आम्ही बाहेरच्या गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या, आत तीन ठिकाणी तीन-तीन मिनिटं थांबलो.

चित्र रिकामं. एकही ठिपका नाही.

मॉनिटरवर मी होते. तक्त्यात तिन्ही जागांपुढे मी ‘मोकळी’ असं लिहिलं आणि सही केली. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मला घेऊन दुसऱ्या ढिगाच्या मागच्या बाजूला गेल्या. ट्रकच्या एका जुन्या गिअरबॉक्सच्या मागे सोर्स होता, आमच्या गाडीपासून आठ मीटरवर.

दुपारभर गणित केलं. ६६२ केईव्हीचे किरण दर बारा मिलिमीटर लोखंडात निम्मे होतात. गिअरबॉक्सचं कवच, आतले दात, शाफ्ट मिळून आमच्या रेषेत साधारण सहा सेंटीमीटर लोखंड. पाच वेळा निम्मं, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. आठ मीटरवर उघडा सोर्स सेकंदाला तीस काउंट देतो, आम्हाला मिळाला असेल एक. तीस काउंटच्या पार्श्वभूमीत तो एक तीन मिनिटांत वर येत नाही.

एकूण काउंटवरचा अलार्म तरी वाजायला हवा होता, असं इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला. नोंदी काढल्या. गेटवर सेकंदाला ५००, ढिगाजवळ ४३०. लोखंडाचा डोंगर जमिनीतून येणारी पार्श्वभूमीच अडवतो. सोर्सच्या शेजारी उभं राहून आम्हाला गेटपेक्षा कमी आकडा दिसत होता, आणि मला तो आकडा निश्चिंत करत होता.

चारच्या सुमारास वखारीत काम करणाऱ्या एक मावशी डबा न्यायला आल्या. बराच वेळ दारातून बघत होत्या. मग म्हणाल्या, “ताई, त्याचा वास येतो का?”

“नाही.”

“उजेड? चटका?”

“नाही मावशी. हातात धरलं तरी त्या वेळेला काहीच कळत नाही.”

“मग आमाला कसं कळायचं?”

मी त्यांना किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह दाखवलं. त्या म्हणाल्या, “ह्यो तर पंखा हाय.” मग २००७ मध्ये आलेलं दुसरं चिन्ह दाखवलं: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते बघून त्या पटकन म्हणाल्या, “ह्ये कळलं. पळायचं.” ते चिन्ह यंत्राच्या आत, सोर्सच्या जवळ लावण्यासाठीच केलेलं आहे, म्हणजे फोडताना दिसावं. पण २००७ च्या आधीची कितीतरी यंत्रं अजून कोपऱ्यांत पडून आहेत आणि त्यांच्यावर फक्त पंखा आहे. मी त्यांना सांगितलं, आकाराच्या मानानं फार जड, शिशाचा डबा आला तर फोडू नका, बाजूला व्हा आणि शेठना सांगा. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, किती जड म्हणजे जड.

१७ मे

त्या ‘मोकळी’ शब्दावर आज वाद झाला. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं म्हणणं, चाचणीचा सोर्सच चिमुकला होता; खरा हरवलेला सोर्स हजारो पट मोठा असतो, तो गिअरबॉक्सला दाद देणार नाही. मुद्दा चुकीचा नाही. पण मी हिशोब मांडून दाखवला: १९ गिगाबेक्वेरलच्या सोर्सपुढे साधारण सात सेंटीमीटर शिसं आलं की त्याचे ६६२ चे किरण आमच्या ३.७ मेगाबेक्वेरलइतकेच उरतात. आणि खरे सोर्स अनेकदा शिशाच्या भांड्यातच भंगारात येतात. मायापुरीतही कोबाल्ट शिशाच्या आतच आलं होतं. ते फोडण्याच्या आधी गाडी तिथे पोचली तर आपल्याला नेमका असाच अंधूक आकडा दिसणार, आणि काही करता येण्याजोगी वेळही नेमकी तीच.

सर म्हणाले, रिकाम्या चित्रावर कोणाची तरी सही घेतली जाते, त्या सहीवर माणसं आत जातात; तेव्हा चित्र रिकामं का आहे हे चित्रानंच सांगायला हवं.

२१ मे

सॉफ्टवेअरवाल्या ताईनं आज दाखवलं ते बघून मी खुर्चीतून उठलेच.

आमचं चित्र बनतं असं: आधी सगळ्या जागी सारखाच सोर्स आहे असं धरायचं. त्यावरून सोळा ठोकळ्यांत किती काउंट यायला हवे होते ते काढायचं, खरोखर आलेल्या काउंटशी ताडायचं, आणि जिथे कमी पडतं तिथला अंदाज वाढवायचा, जास्त होतं तिथला घटवायचा. असं वीस-तीस वेळा. या प्रत्येक फेरीत एका आकड्यानं भागावं लागतं: त्या जागेवरून निघालेला किरण आपल्या एकूण फेरीत पकडला जाण्याची शक्यता किती. म्हणजे प्रत्येक जागा आपल्याला किती चांगली दिसली, हे यंत्र पहिल्या दिवसापासून काढत होतं. भागाकार झाला की आम्ही तो तक्ता पुसून टाकत होतो.

तो आता ठेवायचा. त्याच्यासोबत पार्श्वभूमीचा आकडा घेऊन, करी या शास्त्रज्ञाचं १९६८ चं शोध-मर्यादेचं सूत्र (किती कमी काउंट खात्रीनं ओळखता येतात ते सांगणारं) लावून, प्रत्येक जागेपुढे लिहायचं: इथे किमान एवढा सोर्स असता तरच दिसला असता. लायडारला ढीग कुठे आहे ते माहीत असतंच. ढिगाच्या आतून जाणाऱ्या रेषेवर तेवढं लोखंड धरायचं. ढीग पोकळ किती, भरीव किती, हे लायडारला कळत नाही. म्हणून वाईटात वाईट धरायचं.

रंगांवरून थोडी चर्चा झाली. हिरवा कोणालाच द्यायचा नाही असं मी म्हटलं आणि ते मान्य झालं. पुरेसं बघून झालेली जागा पांढरी, न बघितलेली राखाडी. ‘मोकळी’ हा शब्द तक्त्यातून काढून टाकला. आता रकाना आहे: ‘किती मेगाबेक्वेरलपर्यंत बघून झालं’.

२४ मे

वळीव. गाडी अंगणात उभी होती, यंत्र चालू. पाच मिनिटांत ५०० चे ६४० झाले. सोर्स नव्हता, पाऊस होता: हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची पिल्लं, म्हणजे तो फुटून बनणारे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, थेंबांबरोबर खाली येतात. बिस्मथची रेषा ६०९ वर, आमच्या ६६२ च्या अगदी शेजारी, आणि आमच्या क्रिस्टलची नजर इतकी तीक्ष्ण नाही की दोघांत स्वच्छ फट दिसावी. दोघांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटांची, त्यामुळे पाऊस थांबल्यावर अर्ध्याएक तासात वाढीव काउंट निम्म्यावर आले. दिशा मात्र काहीच निघाली नाही, सगळीकडून सारखं. हे बरं झालं. पाऊस आणि सोर्स यांतला फरक दिशेवरून कळतो.

पावसाळ्यात पार्श्वभूमी हलती ठेवावी लागणार. जुन्या सरासरीवर विसंबून चालणार नाही.

२९ मे

त्याच वखारीत पुन्हा. सोर्स नव्या जागी.

पहिल्या फेरीनंतर चित्रात ठिपका नाही. पण शेजारी दुसरा नकाशा होता, आणि त्यात दोन ढिगांच्या मागचे पट्टे राखाडी होते. उत्तरेकडचा पट्टा तर दोनशे मेगाबेक्वेरलपर्यंत आंधळा. काकांनी न सांगता गाडी वळवली. मागच्या बाजूला गल्ली अरुंद होती, आरसे मिटून काढली. चार मिनिटं थांबलो. राखाडी पट्टा हळूहळू फिकट होत गेला आणि त्यात एक ठिपका धरला. मॅडमनी पट्टीनं मोजलं, साठ सेंटीमीटरांची चूक. आमच्यातलं कोणीही ढिगाच्या सहा मीटरांच्या आत गेलं नव्हतं.

दक्षिणेकडचा एक कोपरा शेवटपर्यंत राखाडीच राहिला. तिथे गाडी जात नाही. मी तक्त्यात तसंच लिहिलं आणि सही केली. त्या कोपऱ्यासाठी दोन ठोकळ्यांचं, लांब काठीवर बांधता येईल असं छोटं यंत्र करायचं आहे.

मावशी आज कामावर होत्या, गेटबाहेर थांबल्या होत्या. लाल त्रिकोणाचा मोठा कागद मी नेला होता. शेठनी तो वजनकाट्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा लावला.

पुढची चाचणी १२ जूनला, पाऊस असला तरी. या वेळी सोर्स कुठे आहे हे सरांनाही सांगायचं नाही, फक्त आरएसओ मॅडमना माहीत असेल. आणि तो वखारीत आणला आहे की नाही, तेही त्याच ठरवतील.